रेवसचा धक्का आणि करंजाचा पूल

धरमतरच्या खाडीच्या मुखाशीं रेवस आणि करंजा हीं दोन गांवें समोरासमोर उभीं आहेत. मध्यें पाणी सुमारें दोन किलोमीटर. परंतु गाडीनें एका तीरावरून दुसऱ्या तीरास जावयाचें म्हटलें म्हणजे पोयनाड, वडखळ, पेण असा सगळा वळसा घालावा लागतो. बॅ. अंतुले हे १९८० ते १९८२ या काळांत मुख्यमंत्री होते, तेव्हांपासून या खाडीवरील पुलाची वार्ता आमच्या भागांतील लोक ऐकत आले आहेत. ज्यांनी ती तरुणपणीं ऐकली त्यांचे केस पिकले. आतां मात्र पुलाचें काम खरोखरच हातीं घेण्यांत आलें आहे, आणि त्याबरोबरच एक मतहि जोरानें पुढें येऊं लागलें आहे. तें असें कीं, पूल होणारच आहे, मग रेवसच्या जुन्या धक्क्यावर आणि मुंबईच्या लाँचवर यापुढें एक पैहि खर्च करणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय.

हें मत मांडणारे लोक मूर्ख नाहींत, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. त्यांच्या बोलण्यांत पुष्कळ तथ्य आहे. मध्यरात्रीं एखाद्या बाईस प्रसूतिवेदना सुरू झाल्या, किंवा कोणास सर्पदंश झाला, तर त्या वेळीं लाँच कामास येत नाहीं, पूल येईल. शिवाय नेरूळहून निघालेली रेल्वे १२ जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ रोजीं उरणपर्यंत पोंचली (हातास जुन्या सनाचें वळण पडलें आहे, वाचकांनी क्षमा करावी). तेव्हां करंजावरून उरणास जाऊन आगगाडी धरणें ही गोष्ट गरिबासहि परवडेल. त्याच दिवशीं शिवडी आणि न्हावाशेवा यांस जोडणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. पूल झाला कीं आमची मोटार थेट मुंबईंत, असें जें म्हणतात तें खोटें नाहीं.

तें मोटारवाल्यांपुरतें मात्र खरें आहे. अटल सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे, तीनचाकी रिक्षासहि आहे. आमच्या गांवांतील किती घरांपुढें मोटार उभी असते आणि किती घरांपुढें फटफटी, हें मोजण्यास फार गणित लागणार नाहीं. आणि रेल्वेची वाट म्हटली तर गांवाहून करंजा, करंजाहून उरण, उरणहून आगगाडी, पुढें पुन्हां गाडी बदलणें, आणि या प्रत्येक ठिकाणीं डोक्यावर मासळीची किंवा कांद्याची पाटी. लाँच सुमारें दीड तासांत भाऊच्या धक्क्यास लावते, आणि मासळीचा बाजार तेथेंच भरतो. पाटी एकदां चढवावयाची व एकदां उतरवावयाची. माझा पक्ष एवढाच आहे कीं पूल अवश्य व्हावा, परंतु त्याच्या नांवावर धक्का मारूं नये.

धक्क्याचें खरें दुखणें गाळ हें आहे. अंबा आणि पाताळगंगा या नद्या धरमतरच्या खाडींत उतरतात व येतांना डोंगरची माती घेऊन येतात. भरतीच्या वेळीं ती दिसत नाहीं. ओहोटी लागली म्हणजे धक्क्यापुढें चिखल उघडा पडतो आणि लाँच दूर उभी राहते. भरती-ओहोटीचा हिशेब आमच्याकडील लहान मुलासहि येतो. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते. पौर्णिमेस किंवा अमावास्येस तिथि पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळीं व संध्याकाळीं पांच-साहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उधाणाच्या या दिवसांत पाणी चार-साडेचार मीटर चढतें व तितकेंच उतरतें. आतां वाचकांनीच पाहावें कीं, सर्वांत खोल ओहोटी नेमकी कोणत्या घटकेस येते. चाकरमान्यानें व कोळणीनें सकाळीं निघावें त्या घटकेस, आणि संध्याकाळीं परतावें त्या घटकेस. दुपारीं हवा खाण्यास येणाऱ्या पाहुण्यास मात्र धक्का पाण्यानें भरलेला दिसतो, व तो घरीं जाऊन सांगतो कीं बंदर तर उत्तम आहे.

याचा अनुभव मला एकदां चांगलाच आला. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं एका विद्यार्थ्यास प्रवेश-परीक्षेसाठीं मुंबईस न्यावयाचें होतें. सकाळीं सातास आम्ही धक्क्यावर हजर होतों. लाँच समोर दिसत होती. मधला चिखलहि दिसत होता. शेजारीं पाटी उतरवून बसलेल्या एका कोळणीस मीं विचारिलें, "मावशी, आतां किती वेळ?" ती म्हणाली, "मास्तर, पानी नाय त लाँच कशी लागल? बसा गप." बसलों. मुलगा पुस्तक उघडून बसला, पण पान उलटीत नव्हता. परीक्षेच्या दालनांत त्यास उशिरां कां होईना घेतलें. पहिला अर्धा तास गेला तो गेलाच. त्या बाईची मासळी उन्हांत राहिली, तिचा हिशेब कोणी केला नाहीं. हा सर्व खेळ थोड्याशा पाण्यासाठीं होता.

गाळ एकदां काढून भागत नाहीं, तो दरवर्षी काढावा लागतो. आणि येथेंच आमच्या सुधारणावाद्यांचें मन रमत नाहीं. नव्या इमारतीचें उद्घाटन होतें, नांवाची पाटी लागते. उपसलेल्या गाळावर कोणाचें नांव कोरणार? मांडव्याचें उदाहरण या बाबतींत पाहण्याजोगें आहे. तेथें लाटा अडविण्यासाठीं बांध घातला, धक्का बांधला, आणि मोटारी वाहून नेणारी रो-रो नौका मार्च २०२० मध्यें सुरू झाली. सोय मोठी झाली, तिची निंदा मी करणार नाहीं. परंतु बांधकाम उरकल्यावरहि सेवा सुरू होण्यास बराच काळ लागला आणि त्यांत गाळाचाच प्रश्न आडवा आला होता. शिवाय ही नौका प्रामुख्यानें मोटारवाल्यांची. गेटवेहून मांडव्यास येणाऱ्या बोटी पावसाळ्यांत बंद होतात. त्या दिवसांत वादळी दिवस सोडले तर साध्या माणसास उघडी राहते ती भाऊच्या धक्क्याची व रेवसची जुनी वाट.

पावसाळ्याचें नांव काढलें कीं आमच्याकडील वृद्ध माणसें अजून 'रामदास' बोटीविषयीं बोलतात. १७ जुलै १९४७ रोजीं ही आगबोट सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दुसऱ्या दिवशीं अमावास्या संपत होती. सणासाठीं घरीं निघालेल्यांची गर्दी होती. काशाच्या खडकाजवळ लाटांनी ती कलंडली व साहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें, त्यामुळें मुंबईस ही वार्ता कळण्यास दिवस मावळतीस आला. जे वाचले त्यांपैकीं कित्येकांस रेवसकडील कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलें, आणि जागा व्हावी म्हणून पकडलेली मासळी समुद्रांत टाकून दिली, असें सांगतात.

कांहीं लोक या कथेचा उपयोग लाँचविरुद्ध करितात. समुद्राची वाट धोक्याची, म्हणून ती सोडा, असें ते म्हणतात. मला तिचा अर्थ उलट वाटतो. ती वाट धोक्याची झाली ती गर्दी मोजली नाहीं आणि वार्ता पोंचविण्याचें साधन ठेविलें नाहीं म्हणून. हीं कारणें जुनीं झालीं असें मानून स्वस्थ बसण्यासारखी स्थिति नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली, आणि पंधरा जीव गेले. धडकेचा दोष बोटीवरील प्रवाशांचा नव्हे. पण परवान्यापेक्षां अधिक माणसें तींत होतीं, हें नंतर उघड झालें. तरंगतीं जाकिटें घालण्याची सक्ति झाली ती त्यानंतर. लाँच दुर्लक्षित ठेवल्यानें लोक लाँचनें जावयाचे थांबत नाहींत. ते दुर्लक्षित लाँचनें जातात.

कोळी बांधवांचा आक्षेप मात्र मी सर्वांत महत्त्वाचा मानतों, कारण तो ऐकण्याची तसदी फारशी कोणी घेत नाहीं. गाळ उपसावा, त्यास त्यांची ना नाहीं. पण उपसलेला गाळ ते जेथें डोळ मांडतात तेथें नेऊन टाकला तर बंदर सुधारून त्यांच्या पोटावर पाय येतो. म्हणून गाळ कोठें टाकावयाचा हें कचेरींतील नकाशावर ठरवूं नये. त्या पाण्यांत जाळें टाकणाऱ्यास होडींत बरोबर घेऊन, जागेवर जाऊन ठरवावें. याला एक दिवस लागेल.

पुलाच्या मानानें धक्क्याची मागणी अगदीं थोडकी आहे. दरवर्षी गाळ काढावा. भरती-ओहोटीबरोबर वरखालीं होणारा तरता धक्का बसवावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसास व पाटीवालीस शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उडी मारावी लागणार नाहीं. लाँचवर माणसें मोजून घ्यावीं आणि प्रत्येकास जाकीट द्यावें. बायकांसाठीं स्वच्छतागृह, पिण्याचें पाणी, रात्रीं दिवा, आणि उधाणाच्या दिवसांत भरतीप्रमाणें बदललेल्या वेळा आदल्या दिवशीं फळ्यावर लिहिलेल्या असाव्यात. त्यासाठीं तिथीची पाऊणपट येणारा एक मुलगा पुरे. इतकें झाल्यावर पैसा उरलाच, तर प्रवेशद्वारीं कमान बांधण्यास माझी हरकत नाहीं.