गव्हाणीत मोळी पडण्यापूर्वी

दसऱ्याच्या आगेमागे साखर कारखान्यांत बॉयलर अग्निप्रदीपन होते, मग मोळीपूजन होऊन गव्हाणीत ऊस पडतो आणि गळीत हंगाम सुरू होतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर या दिवसांत आनंद असतो आणि तो असायलाच हवा. पण हंगामाबरोबर येणारी दुसरी गोष्टही या काठाला पाठ आहे. पाणी काळपट होते, आंबूस वास सुटतो आणि एखाद्या सकाळी बंधाऱ्याच्या बरग्यांपाशी मेलेल्या माशांचा खच दिसतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत असा खच लोकांनी पाहिला. शिरोळ तालुक्यातल्या पंचगंगेलाही हे दृश्य नवे नाही. मग वाद सुरू होतो. कारखाने शहरांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतात, शहरे कारखान्यांकडे. तोवर पाणी पुढे निघून गेलेले असते.

या वादात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: हे रसायन नाही, उसाचेच पाणी आहे, शेतात सोडले तर खतच होईल. तो नीट तपासला पाहिजे. साखरेचा अंश असलेले पाणी नदीत गेले की त्यावर जिवाणू फोफावतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासा विषाने नव्हे, गुदमरून मरतो. पाण्याची ही प्राणवायूची भूक बीओडी या मापाने मोजतात. नदीत सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ती लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवी. मोलॅसिसपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ती ४० हजारांच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते, आणि एक लिटर अल्कोहोलमागे असा स्पेंटवॉश आठ ते पंधरा लिटर निघतो. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याला पदार्थ नैसर्गिक की कृत्रिम याच्याशी कर्तव्य नाही. पाण्याचे गुणधर्म माणसाला, जनावराला किंवा जलचरांना अपायकारक ठरतील असे बदलले, की ते प्रदूषण.

जबाबदारीचे तत्त्वही स्पष्ट आहे. बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की प्रदूषण करणाऱ्याने नुकसानभरपाई द्यायची आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही सोसायचा. २०१० च्या हरित लवाद कायद्याने हे तत्त्व कलमात घातले. सिंभावली साखर कारखान्याचे सांडपाणी नाल्यातून गंगेकडे जात होते, त्याला लवादाने २०१४ मध्ये ५ कोटी रुपये भरायला लावले. मे २०१८ मध्ये पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यात चढ्ढा शुगरचे मोलॅसिस बियास नदीत गेले, असंख्य मासे मेले. डॉल्फिन आणि सुसरी जपणारी ती नदी. तिथेही प्रदूषण मंडळाने ५ कोटींचा दंड केला.

तिथे मोलॅसिस कुठून आले हे सगळ्यांना दिसले. आपल्याकडे गाडे अडते ते इथेच. साखर आणि डिस्टिलरी उद्योगांना २०१४ पासून सांडपाण्याचे ऑनलाइन मापन सक्तीचे झाले, पण रात्री ओढ्यात सोडलेले पाणी त्या यंत्रासमोरून जातच नाही. सकाळी तक्रार, दुपारी पथक, संध्याकाळी नमुना आणि अहवाल कितीतरी दिवसांनी. म्हणून नदीकाठचे ओढे-नाले हंगामभर तपासले पाहिजेत, मासे मेल्यावर नव्हे.

आणि दंड झालाच, तर तो कोण भरते? सहकारी कारखान्यात तो सभासदाच्या पैशातून जातो, म्हणजे ज्या शेतकऱ्याची जनावरे त्या नदीवर पाणी पितात त्याच्याच खिशातून. व्हॉल्व्ह उघडायला सांगणारा मोकळाच राहतो. हे आम्हाला मान्य नाही. जल प्रदूषण कायद्याच्या ४७ व्या कलमात कारभाराची सूत्रे हाती असलेल्या व्यक्तीला दोषी धरण्याची तरतूद आहे आणि ती सहकारी संस्थेलाही लागू पडते. ती वापरली जायला हवी. उलट २०२४ च्या दुरुस्तीने प्रवाहात प्रदूषक सोडण्याबद्दलची दीड ते सहा वर्षांची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. ही दुरुस्ती राज्यांनी ठराव करून स्वीकारायची असते. महाराष्ट्राच्या विधिमंडळात या प्रश्नावर नदीकाठच्या आमदारांनी उघड भूमिका घ्यावी. मोठ्या डिस्टिलरीला १५ लाख हा धंद्यातला किरकोळ खर्च वाटू शकतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळांना भरपाई स्वतः वसूल करण्याचा अधिकार असल्याचे मान्य केले. आता मंडळाला लवादाकडे बोट दाखवून थांबता येणार नाही. पण ही भरपाई सरकारी खात्यात जमा होऊन थांबू नये. मासे मेले की ज्यांचा हंगाम बुडतो त्या भोई आणि कोळी कुटुंबांना ऊसबिलही नसते आणि पीकविमाही नसतो. लवादाच्या कायद्याच्या १५ व्या कलमाखाली त्यांना पाच वर्षांच्या आत भरपाई मागता येते, मात्र पुरावा लागतो. यंदा कुठेही मासे मेले, तर तलाठ्याने त्याच दिवशी पंचनामा करावा आणि त्या डोहात कोणाकोणाची जाळी होती त्यांची नावे त्यात लिहून एक प्रत त्यांच्या हाती द्यावी.