जबीदचा झाडू कुणाच्या हातात?

येमेनातलं जबीद. लाल समुद्राजवळच्या तिहामा मैदानातलं छोटं शहर. इ. स. ८२० मध्ये वसलं. तेराव्या ते पंधराव्या शतकात येमेनची राजधानी. मदरसे, मशिदी, नक्षीदार विटांची घरं. १९९३ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. घरं पाडून सिमेंट उठू लागलं, तेव्हा २००० साली 'धोक्यात' अशी नोंद केली. विटांची काळजी करायला अख्खं जग हाय.

आणि तिथं झाडू मारणारी काळी माणसं? त्यांना म्हणत आले 'अखदाम'. म्हणजे नोकर. तेही मुसलमान, तेही अरबीच बोलतात. पण वस्ती वेगळी, सोयरीक नाय. येमेनात म्हणच आहे : कुत्र्यानं तोंड घातलं तर भांडं घासा, खादिमानं शिवलं तर फोडून टाका. वळखीचं वाटतंय ना, दोस्तांनो?

याच जबीदवर अकराव्या-बाराव्या शतकांत हबशी गुलामांतून वर आलेल्या नजाहिदांचं राज्य होतं. अखदाम म्हणजे त्यांच्याच हरलेल्या सैन्याची औलाद, असं लोक सांगतात. पुरावा नाय. पण पिढ्यान् पिढ्या हातात झाडू द्यायला दंतकथाही पुरते. आपल्याकडे पुराणं पुरली.

धर्म समता सांगतो. १९६२ च्या क्रांतीनंही सांगितली. झाडू सुटला नाय. आता त्यांचे कार्यकर्ते 'अखदाम' नाकारून 'मुहम्मशीन' म्हणवतात : कडेला ढकललेले. आपण 'हरिजन' फेकून 'दलित' म्हणालो, तसंच. पण नुसत्या नावानं पोट भरत नाय. पक्की नोकरी, शाळा, जमीन मागावीच लागते.

वारसा मोजणाऱ्यांनो, घरं मोजलीत. आता रस्ता झाडणारी माणसं मोजा.