सांबर समोर आले तर

मुलांच्या पुस्तकात थंड प्रदेशातल्या 'मूस' नावाच्या प्राण्याचे चित्र कधीतरी दिसते. फावड्यासारखी पसरट शिंगे, लांबच लांब तंगड्या आणि खांद्यापाशी उंची सहा-साडेसहा फूट! हरणाच्या कुळातला हा जगातला सर्वांत मोठा प्राणी. कॅनडा, स्वीडन, नॉर्वे या देशांत तो रस्त्यावर येतो, माणसाच्या बागेत शिरून झाडपाला खातो. हे चित्र पाहून लेकरे विचारतात, आपल्याकडे असे काही आहे का? आहे तर! गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने देवलगावला उतरावे. नवेगावबांध तिथून जवळच आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातले हे खोरे आपल्या पूर्व विदर्भाचे भूषण आहे. भोवती डोंगर, लोक त्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि मध्ये विस्तीर्ण तलाव. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे सांगतात. बांध घालणाऱ्या पाटलाचे नाव राहिले, मातीची टोपली वाहणाऱ्या बायाबापड्यांची नावे राहिली नाहीत. असो. या रानाला १९७५ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पुढे २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा आणि लगतची अभयारण्ये मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे राहिले आणि या रानावर त्यांनी मराठीत भरभरून लिहिले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तके घरात असावीत, असे आम्ही आमच्या वाचक भगिनींना आग्रहाने सांगू.

तर या खोऱ्यात आपला मूस म्हणजे सांबर. भारतातले हे सर्वांत मोठे हरीण. नर खांद्यापाशी साडेचार-पाच फूट भरतो, वजन अडीच-तीनशे किलोपर्यंत जाते. अंगावर खरखरीत, मातकट-तपकिरी केस. आपल्याकडे अनेकजण सांबरालाच बाराशिंगा म्हणतात, ते बरोबर नाही. खरा बाराशिंगा पाहायचा तर शेजारच्या मध्य प्रदेशात कान्ह्याला जावे लागते. सांबराच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीनच टोके असतात. ही शिंगे फक्त नराला येतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा नवी फुटतात. जुन्या वाड्यांच्या भिंतींवर टांगलेली शिंगे आपण पाहिली आहेत. ती बहुधा शिकारीची. मालगुजारीच्या काळात बंदूक साहेबाची किंवा मालकाची आणि हाका द्यायला माणसे गावची, असा तो खेळ होता. वाघ उलटला तर आधी सापडायचा तो हाकाऱ्या. मालगुजारी १९५१ साली गेली आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला आळा बसला. आता रानात गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून आणणे गुन्हा आहे. शिंगाची भुकटी अमुक रोगावर चालते, तमुक दुखण्यावर चालते, असे सांगणारे भोंदू बाजारात भेटतात. त्यांच्या नादी लागून पैसाही जाईल आणि वर खटला लागेल.

सांबर दिवसा फारसे दिसत नाही. डोंगरउतारावर, दाट झाडीत बसून राहते आणि संध्याकाळी पाण्यावर उतरते. पाण्याची त्याला आवड, तलावात पोहतेसुद्धा. म्हणून नवेगावला गेलात तर पहाटे किंवा दिवस मावळताना पाण्याच्या कडेला लक्ष ठेवा. त्याला धोक्याचा वास आला की ते शेपटी उभारते, पुढचा पाय जमिनीवर आपटते आणि 'ढाँक' असा मोठा आवाज काढते. चितळ जरा काही हलले की ओरडते, सांबर सहसा उगाच ओरडत नाही. ते ओरडले तर वाघ-बिबट जवळपास असण्याचा संभव मोठा. पण जीपमधल्या पोरांनी आरडाओरड केली, बिस्किटाचा पुडा भिरकावला, तर यातले काही ऐकू येणार नाही. सहलीला आलेले लोक टेपचा आवाज चढवून रानात शिरलेले आम्ही पाहिले आहेत. मग घरी येऊन म्हणतात, जंगलात काही दिसलेच नाही!

रानगव्याची गोष्ट निराळी. हा हरणाच्या कुळातला नव्हे, गाईबैलांच्या कुळातला. नर सहा फुटांपर्यंत उंच आणि वजन हजार किलोच्या घरात. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात, शिंगे नर-मादी दोघांना असतात आणि ती जन्मभराची. गवा सहसा स्वतःहून अंगावर येत नाही. आधी तो फुरफुरतो, डोके खाली घालतो, आडवा उभा राहून आपले धूड दाखवतो. हा इशारा समजावा आणि पाठ न दाखवता सावकाश मागे सरावे, मध्ये एखादे जाड झाड घ्यावे. मूसच्या देशातही लोकांना हेच शिकवतात की त्याचे कान मागे पडले, मानेचे केस उभे राहिले की झाडाआड व्हा. पिल्लासोबत मादी असेल तर दुप्पट सावध. फोटोसाठी चार पावले पुढे जाणारा शहाणा आपल्या घरातला असेल तर त्याला दंडाला धरून मागे ओढा.

रस्त्यावरची भेट तर याहून वाईट. स्वीडनमध्ये मूसमुळे मोटारींचे भयंकर अपघात होतात, कारण त्याचे पाय उंच. धडक पायांना बसते आणि सगळे धूड काच फोडून आत येते. सांबर आणि रोही यांचेही तसेच. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून साकोली-देवरीचा राष्ट्रीय महामार्ग जातो आणि गोंदिया-कोहमारा रस्ताही रानातूनच आहे. याच रस्त्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये मोटारीच्या धडकेने वाघ मेला. रात्री या भागातून जाताना वेग कमी ठेवावा. एक सांबर ओलांडून गेले तरी लगेच गाडी दामटू नये, मागून दुसरे येत असते.

सहलीला जाणाऱ्याची भेट काचेआडून होते. पण मार्च-एप्रिलात पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईची भेट समोरासमोर होते. मोहाच्या झाडाखाली अस्वलही येते. मे महिन्यात तेंदूपत्त्याला माणसे रानात शिरतात, ती खाली वाकून पाने खुडत असतात. या बायांना रान आपल्यापेक्षा शंभर पटीने कळते, तरी पोटासाठी त्यांना धोका पत्करावा लागतो. त्यांनी एकटीने न जाता चार-पाचजणींनी मिळून जावे, बोलत राहावे आणि पुरते उजाडल्यावरच झाडाखाली वाकावे. कवलेवाडा, कालीमातीसारखी गावे तर व्याघ्र प्रकल्पासाठी उठली आणि सौंदडजवळ श्रीरामपूरला वसवली गेली. कबूल केलेल्या सोयी पुऱ्या झाल्या नाहीत, हे गाऱ्हाणे या लोकांनी पुन्हा पुन्हा मांडले आहे. रान वाचलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ज्यांनी त्यासाठी घर सोडले, त्यांना पाणी, शेत आणि शाळा यांसाठी अर्ज घेऊन फिरायला लावणे आम्हाला मान्य नाही.

वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना शासनाकडून २५ लाख रुपये मिळतात. कायम अपंगत्व, जखमा, गुरे मरणे, पिकाची नासाडी यांचीही भरपाई आहे. वाघ-बिबटच नव्हे, अस्वल, गवा, रानडुक्कर, रोही यांचाही त्यात समावेश आहे. अनेक घरांना हे ठाऊकच नसते आणि मुदत निघून जाते. म्हणून घटना घडताच, दोन दिवस उलटण्याच्या आत, वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक आहे. पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर किंवा तुडवलेले धान हलवू नये. दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत आणि अर्ज दिल्यावर त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. घरात वाचता येणारा मुलगा-मुलगी असेल तर पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.