कसब्यातला फ्लॅट आणि ‘फिफ्थ’

यंदाच्या गणपतीत आरती झाली, पानं मांडली जात होती, तेवढ्यात मागून एक सल्ला कानावर आला. ‘‘घटस्फोटाच्या कागदांत पुण्याचा फ्लॅट कशाला लिहायचा? विचारलंच तर फिफ्थ घे!’’ फिफ्थ म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा, अमेरिकेच्या घटनेतल्या पाचव्या दुरुस्तीचा हक्क. सल्ला देणारे आपल्यातलेच, घेणाराही आपल्यातलाच. फ्लॅट कसबा पेठेत, वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत. मी फडके हौदापाशी वाढलेली, त्यातून लोकांचे टॅक्स भरून देणारी. जेवण गोड लागलं नाही.

इथे न्यू जर्सीत पैशांवरून वाद असला की नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेच्या यादीचं ‘केस इन्फर्मेशन स्टेटमेंट’ भरावं लागतं. टॅक्स रिटर्न, पगाराच्या स्लिपा जोडायच्या, खाली सही. वारसाहक्काने आलेलं घर सहसा वाटणीत धरत नाहीत, पण यादीत लिहावं लागतंच. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा तांबट आळीतली सगळी भांडी आधी ओसरीवर मांडली होती. आजीची समई कुणाला द्यायचीच नव्हती, तरी तीही मांडली आणि मग सगळ्यांदेखत बाजूला ठेवली.

फिफ्थ दिवाणी दाव्यातही घेता येतो, हे खरं. पण शिक्षेची खरीखुरी भीती असेल तरच. फ्लॅट असणं हा काही गुन्हा नव्हे. शिवाय दिवाणी प्रकरणात गप्प बसणाऱ्याच्या विरुद्ध अनुमान काढायला घटनेची आडकाठी नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1976 मध्येच म्हटलंय.

मग एवढी भीती कशाची? भाड्याची! स्वतःच्या नावावरचा फ्लॅट एफबारमध्ये, म्हणजे परदेशी खात्यांच्या वार्षिक अहवालात, दाखवावा लागत नाही. पण भाडं दरवर्षी रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. ते भारतातल्या ज्या एनआरओ (अनिवासी) खात्यात पडतं, ते आणि परदेशातली बाकीची खाती मिळून वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेली, तरी एफबार भरावा लागतो. रिटर्नच्या शेड्यूल बीमध्ये परदेशी खात्याचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. तिथे ‘नाही’ लिहिलं जातं आणि त्याच जॉइंट रिटर्नवर बायकोची सही घेतली जाते. तिने ना ते पासबुक पाहिलेलं, ना भाडेकरू. पण बुडवलेल्या टॅक्सला, व्याजाला, दंडाला दोघंही जबाबदार. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका मागता येते, पण ते तिनेच सिद्ध करायचं. माझा राग आहे तो इथे. गप्प बसण्याचा हक्क सरकारच्या बडग्यापासून वाचवण्यासाठी आहे. जिला न सांगता गुन्ह्याच्या कागदावर सही करायला लावली, तिच्याच हिश्शावर झाकण घालायला नव्हे.

न्यायाधीश काणाडोळा करतील, या भ्रमातही राहू नका. 1990 साली याच राज्यातल्या एका घटस्फोटात रोखीचं दडवलेलं उत्पन्न बाहेर आलं. त्यातून घेतलेली मालमत्ता वाटून द्यायला कोर्टाने नकार दिला आणि हे टॅक्स खात्याला कळवणं आपलं कर्तव्य असल्याचंही सांगितलं.

‘‘मग पुण्यातच केस टाकू,’’ म्हणणारेही आहेत. टाका की! कसबा पेठ स्टेशनहून मेट्रोत बसलात की पुढचं स्टेशन डिस्ट्रिक्ट कोर्ट. पण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलंय. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणारं भारतीय घटनेचं कलम 20(3) आरोपीसाठी आहे, पोटगी टाळणाऱ्यासाठी नाही. साक्षीदाराला तर गुन्हा उघड होईल म्हणून उत्तर टाळताच येत नाही. सक्तीने दिलेलं उत्तर त्याच्यावरच्या खटल्यात वापरत नाहीत, एवढंच संरक्षण. खोटी साक्ष मात्र त्यातून वगळलेली.

   

प्रवचन झालं खरं, गणेशोत्सवाच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल माफी असावी. सगळे नवरे लपवतात असंही नाही, बायकाही लपवतात. ज्यांना खरीच भीती आहे त्यांनी कोर्टाचा फॉर्म भरण्याआधी टॅक्सच्या वकिलाला गाठावं. आणि वहिनींनो, येत्या एप्रिलमध्ये जॉइंट रिटर्नवर सही करण्याआधी शेड्यूल बी उघडा आणि पुण्याच्या खात्याचं पासबुक मागून घ्या.