युजर सोडून सगळे हजर

टेक्निकल रायटर मंडळींच्या एका कॉन्फरन्सला जाऊन आलो. नुसता ऐकायला नाही, बोलायलासुद्धा. मी खरं तर कोड लिहिणारा, पण आमचं डॉक्युमेंटेशन करणाऱ्या टीमशी रोजचा संबंध, म्हणून "डेव्हलपरच्या नजरेतून" असल्या काहीतरी विषयावर अर्धा तास मिळाला. पुण्यातलंच हॉटेल, दोन दिवस, गळ्यात पट्टा, फुकटची बॅग आणि जेवणात पनीर. (कॉन्फरन्स म्हटली की पनीर आलंच.)

तक्रार पनीरबद्दल नाहीये. दोन दिवस प्रत्येक दुसऱ्या स्लाइडवर 'युजर' होता. युजरच्या जागी स्वतःला ठेवा, युजरला गृहीत धरू नका वगैरे. डिटा वापरावं की नाही, मॅन्युअलं गिटमध्ये कशी ठेवायची, एआय आपली नोकरी खाणार का, यावर तावातावाने चर्चा. आणि त्या भरलेल्या हॉलमध्ये असा एकही माणूस नव्हता, की जो मॅन्युअल लिहीत नाही, फक्त वाचतो. सगळं वऱ्हाड हजर आणि नवरदेवालाच आमंत्रण नाही!

मी माझ्या अर्ध्या तासात एक कागद पडद्यावर दाखवला. माझे मामा भोंगवलीला असतात. भोर तालुका, पुण्याहून सातारा रस्त्याने तास-दीड तास. बारा गुंठ्यांत वांगी आहेत. त्यांच्या पडवीतल्या कीटकनाशकाच्या बाटलीसोबत आलेलं पत्रक होतं ते. आठ घड्या, मुंगीएवढी अक्षरं. मराठी मजकूर आहे, नाही असं नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबल आणि पत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत छापावंच लागतं. पण मराठी कसली? 'अनुशंसित मात्रा' आणि 'तनुकरण'. मामा म्हणाले, "अरे, हे मराठी हाय का संस्कृत?" गावात कुणी कीटकनाशक म्हणतच नाही, सगळे 'औषध' म्हणतात. औषध जास्त घेतलं तर लवकर गुण येतो असं वाटणारच की माणसाला!

भाषा एकवेळ सोडा, हिशोब बघा. पत्रक म्हणतं, हेक्टरी २५० मिली, ५०० लिटर पाण्यात. मामांकडे हेक्टर नाही, गुंठे आहेत. पाचशे लिटरची टाकी नाही, पाठीवरचा पंधरा लिटरचा पंप आहे. मापाचा पेला नाही, बाटलीचं झाकण आहे, आणि ते किती मिलीचं हे कुठेही लिहिलेलं नाही. मी सिरिंजने मोजलं. दहा मिली. आता करा गणित: लिटरला अर्धा मिली, म्हणजे पंपाला साडेसात. हेक्टर म्हणजे साधारण नव्याण्णव गुंठे, म्हणून बारा गुंठ्यांना साठ लिटर पाणी, चार पंप. सगळा मजकूर एका ओळीत बसतो: "बारा गुंठ्यांना चार पंप, पंपाला पाऊण झाकण." मामा किती टाकतात? दीड झाकण. "कीड जास्त हाय ना यंदा." म्हणजे बरोबर दुप्पट. तेही अनवाणी, नाकाला टॉवेल बांधून. बाटलीवर निळा त्रिकोण आहे. विषारीपणाच्या उतरंडीत लाल, पिवळा, निळा, हिरवा असा क्रम असतो. मामांना वाटत होतं तो कंपनीचा शिक्का आहे.

हे सगळं सांगून झालं. पहिला प्रश्न काय आला असेल? "हे पत्रक कोणत्या टूलमध्ये बनवलं असेल?"

दुसरा प्रश्न जरा प्रामाणिक होता. "सर, आपले क्लायंट अमेरिकेत, युरोपात. हे आपल्या कक्षेत येतच नाही ना?" मान्य. पगार तिकडूनच येतो, माझाही. पण मग 'भारतातल्या टेक्निकल कम्युनिकेशनची' परिषद असा बोर्ड कशाला लावायचा? निर्यात विभागाचं स्नेहसंमेलन म्हणा की! आणि ज्या युरोपासाठी आपण रात्री जागून मॅन्युअल तपासतो, तिथे यंत्राच्या सूचना त्या त्या देशाच्या भाषेत देणं हा कायदा आहे. लिहिणाऱ्याला तिथे मान मिळतो, त्याचं हेही एक कारण आहे. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४ आहे. नीट वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल आणि त्यातून इजा झाली, तर उत्पादक जबाबदार. म्हणजे खराब पत्रक हा वस्तूतलाच दोष. आपल्या धंद्याला यापेक्षा मोठं हत्यार कुठलं हवंय? त्या दोन दिवसांत मी ऐकलेल्या एकाही भाषणात या कलमाचा उल्लेख नव्हता.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती, औषधांची मिश्रणं, संरक्षक साधनं नसणं, डोक्यावर गेलेली कपाशी. सगळा दोष पत्रकाचा असं मी म्हणत नाही. पण मिश्रण करू नका, तोंड झाका, हे सांगायचं काम ज्या कागदाचं, तो वाचता येतो का हा प्रश्न शेतीखात्याइतकाच आपलाही आहे.

आणि हे आत्ताच का? अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, १९५३ पासूनची, जिच्या भारत शाखेच्या परिषदांना आपले लोक वर्षानुवर्षं जात आले, तिने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून गाशा गुंडाळला. आता तिकडचा साचा गिरवायची सक्ती कुणाचीच नाही. तरीही तेच ट्रॅक, त्याच की-नोट, 'मॅनेजमेंट आपल्याला महत्त्व देत नाही' हे तेच रडगाणं! महत्त्व कसं देतील? आपण लिहिलेल्याने कुणाचं काय वाचलं, हे दाखवायला आपल्याकडे एक माणूस नाही.

माझी मागणी फार नाही. प्रत्येक कॉन्फरन्सला एक तास असा ठेवा की वस्तू, कागद आणि ती वापरणारा माणूस स्टेजवर, आणि लेखक खाली गप्प. मिक्सर चालेल, ग्लुकोमीटर चालेल, पंप चालेल. त्याने अडखळायचं, आपण बघायचं, मधे बोलायचं नाही. आणि पेपर पाठवणाऱ्याने निदान एका बाहेरच्या वाचकावर आपलं लिखाण तपासलंय का, एवढं तरी विचारा. बॅगांचे पैसे वाचवले तरी येणाऱ्याचं जाण्यायेण्याचं भाडं निघेल.

भोंगवलीचं पत्रक मी पुन्हा लिहायला घेतलंय. एक पान, मोठी अक्षरं, गुंठा, पंप आणि झाकण. पहिला मसुदा मामांनी नापास केला ("चष्म्याशिवाय दिसत न्हाई"), दुसरा त्यांच्या शेजाऱ्याने. पुढच्या रविवारी तिसरा घेऊन जातोय. सकाळी सातला कात्रजहून निघणार, गाडीत तीन जागा आहेत. लॅपटॉप आणू नका.