गोंडस चेहऱ्याची किंमत

कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिएल जातीचा कुत्रा चालता चालता मानेजवळ हवेतच खाजवतो, तेव्हा बघणाऱ्याला गंमत वाटते. अनेकदा ते दुखण्याचे लक्षण असते. या जातीत कवटीची मागची बाजू मेंदूला अपुरी पडते. लहान मेंदू कवटीच्या तळाच्या छिद्रात ढकलला जातो, मेंदूभोवतीच्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होतात. दोष आनुवंशिक आहे; गोल डोक्याच्या, आखूड तोंडाच्या हौसेने माणसाने तो पोसला. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये या जातीची शुद्ध वंशातली पैदास प्राणीकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. ते योग्यच झाले. पिल्लू घ्यायचेच असेल, तर वंशावळीच्या कागदाआधी आई-बापाच्या एमआरआयचा अहवाल मागा. तो नसेल, तर रिकाम्या हाताने परत या.