खड्डा कोणाचा?



खड्ड्याला शिव्या घालण्यात आपण गोमंतकीय कोणाला हार जाणार नाही. टेंपो आदळला, टोमॅटोची पेटी चेचली, मासळीवरचा बर्फ सांडला, की सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. पाच मिनिटांत राग ओसरतो, टेंपो पुढे जातो, खड्डा तिथेच राहतो. लेखी तक्रार? ती करील दुसरा कोणीतरी. तो दुसराही हेच म्हणत असतो. चेचलेला माल बाजारात पडत्या भावाने जातो आणि ती तूट खड्ड्याच्या खात्यावर कोणी मांडत नाही.

आता नीट ऐका. 13 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2013 पासून चाललेल्या जनहित याचिकेत आदेश दिला. खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे माणूस दगावला तर वारसांना 6 लाख रुपये, जखमी झाला तर दुखापतीप्रमाणे 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी, आणि ती रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी. शिवाय खड्डा निदर्शनास आणल्यापासून 48 तासांत बुजवावा. ‘निदर्शनास आणल्यापासून’ या शब्दांखाली रेघ ओढा. ज्याची खबरच कोणी दिली नाही त्या खड्ड्याचे घड्याळ सुरू होणार कसे?

हा आदेश महाराष्ट्रातील पालिकांना आणि रस्त्यांच्या यंत्रणांना उद्देशून आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पर्वरीचे खंडपीठ त्याच न्यायालयाचे आहे. आपल्या अर्जात या आदेशाचा दाखला देण्यास कोणाची बंदी नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेले 198-क हे कलम तर साऱ्या देशाला लागू आहे. रस्त्याचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणी मेला वा अपंग झाला, तर जबाबदार अधिकाऱ्याला किंवा कंत्राटदाराला 1 लाखापर्यंत दंड त्यात सांगितला आहे.

परंतु अर्ज द्यायचा कोणाला? खरी मेख इथे आहे. वाड्यावरचा रस्ता पंचायतीचा, मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, महामार्गाचे दार आणखी तिसरे. मुंबई-गोवा महामार्गच पाहा. पनवेल ते इंदापूर हा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूर ते झाराप महाराष्ट्राच्या बांधकाम खात्याकडे. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज कचेऱ्यांच्या वाऱ्या करीत फिरतो आणि तेवढ्यात पावसाळा सरतो.

मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, प्राणहितेच्या पलीकडे बेज्जूर आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्याकडे आला, बेज्जूर राहिले आंध्रात. 2014 साली ते तेलंगणात गेले. 2016 साली जिल्हाही बदलला आणि आदिलाबादचे कुमुरम भीम आसिफाबाद झाले. बेज्जूरच्या शेतकऱ्याने आज जुन्या सवयीने आदिलाबादच्या कलेक्टरला रस्त्याचा अर्ज धाडला, तर तो परक्या जिल्ह्यात पोचेल! नकाशा बदलतो तेव्हा खड्डा जागचा हलत नाही, त्याचा धनी तेवढा बदलतो. म्हणून आधी धनी शोधा. पंचायतीच्या सचिवाला विचारा. त्याने हात वर केले तर माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारा: हा रस्ता कोणाच्या ताब्यात, काम कोणी केले, दुरुस्तीची हमी कधीपर्यंत? हमीची मुदत संपलेली नसेल तर कंत्राटदाराने तो पदरच्या पैशाने दुरुस्त करायचा असतो.

आता थोडे आपल्याच घरातले. 16 जानेवारी 1967 रोजी फुलावर शिक्का मारणाऱ्या 1,38,170 मतदारांचा वारसा आपण सांगतो. कौल विरुद्ध गेला, 30 मे 1987 ला घटकराज्य झाले, तरी पत्रादेवीपलीकडचा मुलूख आपल्याला परका वाटत नाही. मग त्या मुलखातल्या महामार्गाचे रुंदीकरण 2011 साली सुरू होऊन मुदतीवर मुदत उलटली, माणसे मेली, तेव्हा आपली जीभ का अडखळते? महाराष्ट्राची उणी बाजू दाखवली तर विलीनीकरणाचे विरोधक हसतील, ही भीती मला पटत नाही. आपल्या भावाच्या घराचे छप्पर गळत असेल तर आपण त्याला सांगतो. शेजाऱ्याने ऐकू नये म्हणून गप्प बसत नाही. मालवणात वा सावंतवाडीत माल नेणाऱ्यांनी तिकडच्या खड्ड्याचीही तक्रार करावी. राष्ट्रीय महामार्गावरून 1033 हा क्रमांक फिरवता येतो. पण फोनवर भागवू नका, मागाहून कागद द्याच.

कागद लिहायचा तो असा. ‘रस्ता फार खराब आहे’ हे वाक्य शाळेच्या निबंधात शोभते, तक्रारीत कुचकामी. कोणत्या देवळापासून वा तिठ्यापासून किती पावलांवर, डावीकडे की उजवीकडे, किती फूट लांब, किती इंच खोल, कोणत्या तारखेला पाहिला, हे लिहा. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी नारळ ठेवा, म्हणजे आकार कळतो. आणि पाणी कुठून येते ते अवश्य लिहा. शेताचा बांध बारीक भोकातून फुटतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. डांबराचेही तसेच: भेगेतून पाणी खाली मुरते, खडीचा थर सैल होतो, चाके ती खडी उडवतात. तुंबलेले गटार किंवा बुजलेली मोरी तशीच ठेवून वर डांबर ओतले, तर चतुर्थीपूर्वीचे ठिगळ तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत नाही. (मासळीच्या गाडीतले पाणी रस्त्यावर सोडणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे.)

अर्जावर एकट्याची सही नको, वाड्यावरच्या दहा जणांच्या घ्या. दोन प्रती करा. एक कचेरीत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घालून घ्या. कारकून म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब आले की देतो.’ ठेवून जाऊ नका. ते 48 तास त्या तारखेपासून मोजायचे आहेत.